अलास्कात अस्वलांसाठी हँडगन घ्यायचीय? आधी हे सगळं वाचा, मग दुकानात जा

दर वर्षी मे महिना लागला की मला दोन-तीन फोन हमखास येतात. कोणीतरी नवीन मराठी कुटुंब अँकरेजला आलेलं असतं, नवऱ्याला किंवा बायकोला इथे नोकरी लागलेली असते, पहिल्याच वीकेंडला ट्रेलहेडवर (जंगलवाटेच्या सुरुवातीला) "ब्राउन बेअर दिसलंय, सावध राहा" असा पिवळा कागद चिकटवलेला बघून पोटात गोळा आलेला असतो आणि मग थेट प्रश्न, ताई कुठली गन घेऊ? मी उलट विचारते, तुम्ही कुठल्या व्हिसावर आहात? समोर शांतता.

मी मूळची चंद्रपूरची, इथे येऊन नऊ वर्षं झाली. वाघ-अस्वलांच्या गोष्टी ऐकतच मोठी झाले, आमच्याकडे उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्या बायांवर अस्वल धावून गेल्याच्या बातम्या दर वर्षी यायच्या. त्यांच्या हातात काय असायचं, काठी आणि आवाज. इथे आल्यावर एकदम दुसरं टोक, दुकानात शिरलात की अर्धी भिंत पिस्तुलांनी भरलेली. मी स्वतः पहिली गन चुकीची घेतली, दुसऱ्या वेळी होल्स्टर, म्हणजे गन ठेवायचं म्यान, चुकीचं घेतलं, पैसे गेले ते गेलेच पण एकदा जिवावरही बेतलं असतं. म्हणून सगळं क्रमाने लिहितेय. हे अलास्काबद्दल आहे, मोन्टाना-वायोमिंगला बरंचसं लागू पडेल, कॅलिफोर्निया-न्यूयॉर्कवाल्यांनी आपल्या राज्याचे कायदे वेगळे बघावेत, तिकडे खूप भानगडी आहेत.

१. आधी स्वतःचं इमिग्रेशन स्टेटस बघा

ही पायरी गाळून कॅलिबरवर (गोळी किती जाडीची यावर) चर्चा करणारे आपले लोक भरपूर आहेत. अमेरिकेच्या फेडरल कायद्याप्रमाणे नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगताच येत नाही. म्हणजे एच-वन, एच-फोर, एफ-वन, बी-टू सगळे आले. याला काही अपवाद आहेत, त्यातला नेहमी ऐकू येणारा म्हणजे एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असणं. पण "मित्र म्हणाला लायसन्स काढलं की झालं" एवढ्यावर जाऊ नका, इमिग्रेशन वकिलाला एकदा पैसे देऊन विचारा. तुमचं ग्रीन कार्ड लाईनमध्ये आहे आणि तुम्ही एका पिस्तुलापायी ते धोक्यात घालताय, हा सौदा मला तरी पटत नाही. तोपर्यंत बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा तिखट फवारा, आहेच, त्याला व्हिसा लागत नाही.

ग्रीन कार्ड असेल तर विकत घेता येतं, बाळगताही येतं. दुकानातून हँडगन घ्यायला वय २१ पूर्ण लागतं.

यातला कोणाच्या लक्षात न येणारा भाग म्हणजे घरातली बाकीची माणसं. तुमच्याकडे ग्रीन कार्ड आहे पण आई-बाबा सहा महिन्यांसाठी व्हिजिटर व्हिसावर आलेत, किंवा खालच्या खोलीत एच-वनवाला भाडेकरू ठेवलाय. त्यांच्या हाताला लागेल अशी बंदूक ड्रॉवरमध्ये ठेवलीत तर उद्या ती त्यांच्या ताब्यात होती असाही अर्थ काढता येतो. तिजोरी घ्या आणि तिचा नंबर त्यांना सांगू नका. बाबांना "जरा हातात घेऊन फोटो काढा" हा प्रकार तर अजिबात नको. आणि तो फोटो फॅमिली ग्रुपवर तर त्याहून नको.

२. बेअर स्प्रे घ्या, हो, गन घेणार असलात तरी

मला माहितीय तुम्ही गनचं वाचायला आलात. तरी ऐका.

टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलास्कातल्या घटनांचा अभ्यास करून दोन पेपर लिहिले. २००८ च्या पेपरमध्ये स्प्रे होता, ब्राउन बेअरवर वापरला तेव्हा ९२ टक्के वेळा अस्वलाचं नको ते वागणं थांबलं, काळ्या अस्वलांत ९० टक्के, आणि स्प्रे जवळ असलेल्यांपैकी ९८ टक्के लोकांना काही इजा झाली नाही. २०१२ चा पेपर बंदुकांवर होता, १८८३ ते २००९ मधल्या २६९ घटना. त्यात हँडगनचं यश ८४ टक्के आणि रायफल-शॉटगनचं ७६ टक्के निघालं. पण मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते हे की ज्यांनी बंदूक चालवली आणि ज्यांच्याकडे असून चालवली नाही, त्यांच्या नशिबात फारसा फरक पडला नाही.

आता बंदूकवाले यावर म्हणतात की स्प्रेच्या घटनांत खरोखर अंगावर धावून आलेली अस्वलं कमी होती, उकिरडा हुंगणारी, उगाच जवळ आलेली जास्त, त्यामुळे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून तुलना करू नये. हा मुद्दा बरोबर आहे. मी दोन्ही ठेवते, स्प्रे डाव्या बाजूला पट्ट्याला, गन छातीवर. पण समजा आज एकच घ्यायला पैसे असतील तर ५० डॉलरच्या आसपासचा स्प्रे घ्या. त्याला निशाणा थोडा चुकलेला चालतो, ढग पसरतो. गोळीचं तसं नसतं.

स्प्रे घेताना एवढं बघा: डब्यावर बेअर स्प्रे असंच लिहिलेलं हवं, माणसांसाठीचा छोटा पेपर स्प्रे चालत नाही. निदान ७.९ औंसाचा डबा. मारा साधारण ७ ते ९ मीटर जातो आणि काही सेकंदांत डबा संपतो, त्यामुळे "थांब थांब" करत लांबूनच उडवून मोकळं होऊ नका. एक्स्पायरी डेट असते. विमानात नेता येत नाही, हँडबॅगेतही नाही आणि चेक-इनमध्येही नाही, जिथे जाल तिथे विकत घ्या. फ्लोटप्लेनने (पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने) जाणार असाल तर पायलटला आधीच सांगा, ते बहुतेक वेळा तो बाहेर फ्लोटमधल्या कप्प्यात टाकतात. केबिनमध्ये डबा फुटला तर काय होईल याची कल्पना करून बघा, मिरचीच्या फोडणीने घरात ठसका लागतो त्याच्या हजारपट.

३. हँडगनकडून किती अपेक्षा ठेवायची

थोडे आकडे. साधी .३०-०६ रायफल नळीतून गोळी सोडते तेव्हा साधारण २,८०० फूट-पाउंड ताकद असते. .४४ मॅग्नम हजाराच्या आसपास. १० एमएमची कडक काडतुसं ६५०-७०० आणि .३५७ मॅग्नम पण साधारण त्याच घरात. म्हणजे दुकानातलं जे पिस्तूल हातात घेतल्यावर तोफ वाटतं ते खरं तर साध्या शिकारी रायफलच्या निम्म्यालाही पोचत नाही. मग हँडगन कशाला? कारण रायफल तुम्ही मासे साफ करताना झाडाला टेकवून ठेवता आणि अस्वल नेमकं तेव्हा येतं. हँडगन अंगावर असते, हाच तिचा एकमेव मोठा गुण, आणि पुढचे सगळे निर्णय यावरूनच घ्यायचे. जी गन जड आहे, टोचते, नको वाटते म्हणून गाडीत राहते, ती कितीही मोठ्या कॅलिबरची असली तरी उपयोग शून्य.

दुसरं, वेळ. अस्वल ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास धावतं. ३० मीटरवरून तुमच्यापर्यंत यायला त्याला दोन सेकंद लागतात. मोबाईलवर स्टॉपवॉच लावा आणि दोन सेकंद किती असतात ते बघा. त्यात बघणं, घाबरणं, झिप उघडणं, गन काढणं, रोखणं आणि दाबणं, सगळं बसवायचंय.

४. कॅलिबर आणि गन: इथेच सगळे चुकतात, मीही चुकले

माझी पहिली गन. दुकानातल्या माणसाने माझ्याकडे बघितलं, बारीक बाई आहे, चालताना जड नको, म्हणून स्कँडियम मिसळलेल्या हलक्या धातूच्या फ्रेमचं .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर हातात दिलं. पाऊण किलोपेक्षाही हलकं. मला तर जादूच वाटली, एवढी ताकद आणि वजन काहीच नाही! घरी आणलं, शनिवारी रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) गेले, पहिली गोळी झाडली आणि तळव्यातून कोपरापर्यंत झिणझिण्या. दुसरीला डोळे मिटले. चौथी झाडल्यावर सिलिंडर, म्हणजे गोळ्यांचं फिरतं चाक, फिरेचना. शेजारच्या लेनमधले आजोबा आले, त्यांनी बघितलं आणि हसले, म्हणाले आत अजून न झाडलेल्या काडतुसातली गोळी धक्क्याने पुढे सरकलीय, तिचं टोक बाहेर येऊन सिलिंडर अडकलंय. हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये जड काडतुसं वापरली की हे होतं, काडतुसाचं तोंड नीट आवळलेलं नसेल तर जास्तच. म्हणजे अस्वल समोर असतं तर चार गोळ्यांनंतर माझ्या हातात एक महागडा दगड होता. महिनाभरात विकून टाकलं, जवळजवळ ३०० डॉलरचा फटका.

तेव्हापासून मी वजनाला घाबरत नाही. वजन धक्का खातं.

आता पर्याय. मी सगळी यादी देत नाही, इथे खरोखर लोकांच्या अंगावर दिसतात तेवढेच सांगते.

१० एमएमचं सेमी ऑटो (दर गोळीनंतर पुढची आपोआप चढते ते पिस्तूल), बहुतेक वेळा ग्लॉक २०. मॅगझिनमध्ये (मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीत) १५ गोळ्या, भरलेलं वजन किलोच्या थोडं वर, धक्का सहन होण्यासारखा, पावसा-चिखलात चालतं. ग्रीनलंडमध्ये डेन्मार्कची सिरियस नावाची कुत्र्यांच्या स्लेजवरून फिरणारी गस्त आहे, ते लोक ध्रुवीय अस्वलांसाठी हेच बाळगतात. पहिल्यांदाच गन घेणाऱ्याला मी हीच सुचवते, एक अट सोडून, हात. ग्लॉक २० ची मूठ जाड आहे. माझं बोट ट्रिगरवर नीट पोचतच नाही, पोचवायला गेलं की पकड वाकडी होते. तुमचे हात छोटे असतील तर दुकानात पकडून बघा, ऑनलाईन बघून ठरवू नका. एक दोष अजून, अस्वल अंगावर असताना नळी त्याच्या अंगात रुतली तर सेमी ऑटोची स्लाईड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ढकलली जाऊन गोळी सुटत नाही असं होऊ शकतं. रिव्हॉल्व्हरला तो प्रश्न नाही.

.४४ मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर, स्टीलचं, चार इंची नळी. १९५५ पासून चालत आलेलं कॅलिबर, जुने अलास्कन लोक याच्यावरच विश्वास ठेवतात. सहा गोळ्या, सव्वा किलोच्या आसपास वजन. धक्का जोरदार पण स्टीलमध्ये शिकता येतो. ज्यांना नियमित रेंजवर जायला जमतं त्यांच्यासाठी उत्तम, वर्षातून एकदा जाणाऱ्यांसाठी नाही.

.३५७ मॅग्नम. यावर लोक नाक मुरडतात, "अस्वलाला गुदगुल्या होतील" वगैरे. मी शेवटी हेच घेतलं, रुगरचं जीपी-१००, चार इंची, साधारण १.१ किलो. १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) कडक शिशाची काडतुसं घालते. कारण साधं आहे, .४४ ने माझ्या सहापैकी दोन गोळ्या सरावाच्या पेपर प्लेटवर लागायच्या, याने पाच लागतात, आणि लवकर लागतात.

.४५४ कॅसुल, .४६०, .५०० वगैरे. फक्त रेंजवरच्या लोकांना दाखवायला घेणार असाल तर घ्या. ज्याला खरंच झेपतं त्याला या लेखाची गरज नाही.

९ एमएम घरात आधीच असेल तर? २०१६ मध्ये अलास्कातल्या एका अनुभवी गाईडने ९ एमएमने ब्राउन बेअर मारलं, त्याची बातमी अजून फिरते आणि लोक म्हणतात बघा चालतं की. चालतं, पण त्याने जड कडक शिशाची गोळी वापरली होती आणि त्या माणसाची उभी हयात अस्वलांत गेलेली. तुमची-माझी नाही. तरीही मी म्हणेन, चांगला सराव असलेली ९ एमएम ही सराव नसलेल्या .४४ पेक्षा बरी.

५. काडतुसं कुठली

माणसांपासून बचावासाठी जी पोकळ टोकाची, हॉलो पॉइंट, काडतुसं विकतात ती अस्वलासाठी नको. ती आत गेल्यावर फुलतात आणि थांबतात. अस्वलाच्या चामड्याखाली चरबी, मग जाड स्नायू, मग हाडं, तिथे गोळी न फुलता खोल जायला हवी. त्यामुळे इथले लोक हार्ड कास्ट वापरतात, म्हणजे मिश्रधातूने कडक केलेल्या शिशाची, टोक चपटं असलेली जड गोळी. १० एमएममध्ये २०० ते २२० ग्रेन, .४४ मध्ये २४० ते ३०५. बफलो बोअर, अंडरवुड ही नेहमीची नावं. २० काडतुसांची डबी साधारण ३० ते ५० डॉलर, त्यामुळे सराव साध्या स्वस्त काडतुसांनी करतात.

पण इथे एक सापळा आहे. महागडी डबी आणली, मॅगझिन भरलं आणि तसंच जंगलात निघालो, असं करू नका. तुमच्या गनमध्ये ती काडतुसं अडकतात की नाही हे निदान दोन-तीन मॅगझिन झाडून बघा. जड चपट्या गोळ्या काही पिस्तुलांत चेंबरमध्ये नीट शिरत नाहीत. आणि ग्लॉकच्या मूळ नळीबद्दल मॅन्युअलमध्येच उघड्या शिशाच्या गोळ्या वापरू नका असं लिहिलंय, नळीत शिसं साचतं म्हणून. मग एकतर दुसरी नळी विकत घेऊन बसवतात नाहीतर अखंड तांब्याच्या गोळ्या वापरतात.

६. विकत घेताना: कागदपत्रं आणि फॉर्म ४४७३

सोबत काय न्यायचं:
- अलास्काचं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा स्टेट आयडी, त्यावर आत्ताचा राहता पत्ता हवा, पीओ बॉक्स नाही
- पत्ता बदलला असेल तर नव्या पत्त्याचा सरकारी कागद, उदाहरणार्थ गाडीचं रजिस्ट्रेशन
- ग्रीन कार्ड, त्यावरचा ए-नंबर फॉर्ममध्ये लिहावा लागतो

फॉर्म ४४७३ हा एटीएफचा, म्हणजे बंदुकांचं बघणाऱ्या फेडरल खात्याचा फॉर्म, दुकानातच भरायचा. त्यावर दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेत तुमची चौकशी करतो. उत्तर तीनपैकी एक येतं, द्या, थांबा किंवा नाही. थांबा आलं तर घाबरू नका, नेहमीप्रमाणे तीन कामकाजाचे दिवस बघायचे. मला थांबाच आलं होतं.

आता आपल्या लोकांची खास अडचण, नाव. आपल्या नावात मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. माझ्या पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव, ग्रीन कार्डवर तेच पण मधल्या नावाचं स्पेलिंग एका अक्षराने वेगळं, आणि लायसन्सवर डीएमव्हीच्या (ड्रायव्हिंग लायसन्स देणाऱ्या ऑफिसच्या) बाईंनी मधलं नाव फक्त एका अक्षरात उरकलेलं. काउंटरवर तासभर गेला. गन घ्यायच्या आधी डीएमव्हीत जाऊन नाव सरळ करून घ्या.

फॉर्मवरचे दोन प्रश्न डोळ्यांत तेल घालून वाचा. एक नागरिकत्वाचा. ग्रीन कार्डवाल्यांनी घाईत "अमेरिकन नागरिक" वर खूण केली की खोटं लिहिलं असं होतं, आणि स्वतःला खोटं नागरिक म्हणवणं हे इमिग्रेशनमध्ये फार महागात पडतं. दुसरा गांजाचा. अलास्कात गांजा दुकानात मिळतो, राज्याच्या कायद्याने चालतो, पण फेडरल कायद्याने नाही, आणि फॉर्म फेडरल आहे, त्यात तसं स्पष्ट लिहिलेलंही आहे. शनिवारी पार्टीत ओढणारे असाल तर गनचा विचार सोडा. ग्रीन कार्डवाल्यांनी तर दोन्हीचा सोडा.

अजून एक, मित्रासाठी गन घेणं. "माझा व्हिसा नाही, तू तुझ्या नावावर घे, मी पैसे देतो", याला इथे स्ट्रॉ पर्चेस म्हणतात आणि हा सरळ गुन्हा आहे. भिडेला बळी पडू नका.

७. होल्स्टर, म्हणजे बर्ड क्रीकची गोष्ट

ऑगस्टमध्ये बर्ड क्रीकला सिल्व्हर सालमन मासे येतात, अँकरेजहून अर्ध्या-पाऊण तासावर. मी गुडघाभर पाण्यात, वेडर (मासेमारीची छातीपर्यंतची वॉटरप्रूफ पँट) घातलेले, वर रेनकोट, पाठीवर सॅक आणि सॅकचा कमरेचा पट्टा आवळलेला. गन कमरेला, होल्स्टरमध्ये, रेनकोटच्या आत, पट्ट्याच्या खाली. आल्डरच्या झुडपात फांद्या मोडल्याचा आवाज आला आणि ब्राउन बेअर काठावर आलं, वीस पावलं असेल. ओल्या केसांचा वास आला मला, खरंच सांगते. हात कमरेकडे गेला तर आधी रेनकोट, मग सॅकचा पट्टा, मग वेडरचा पट्टा. मी तिथे चाचपडतेय आणि ते माझ्याकडे बघतंय. शेवटी त्याने नाकातून फुस्स केलं, काठावर कोणीतरी ठेवलेला मासा उचलला आणि निघून गेलं. मी गन काढलीच नव्हती. काढता आली नव्हती.

त्यामुळे, छातीवरचं होल्स्टर. सॅकच्या पट्ट्यांच्या मधे बसतं, वेडरच्या वर राहतं, दोन्ही हातांनी काढता येतं, एटीव्हीवर किंवा होडीत बसलं तरी टोचत नाही. वसिलाला डायमंड डीवाले चामड्याचं बनवतात, कायडेक्स या टणक प्लास्टिकचेही मिळतात, पावसात कायडेक्स बरं. मापाचं घ्या, तुमच्याच मॉडेलचं. ट्रिगर पूर्ण झाकलेला हवा. आणि जे कपडे घालून जंगलात जाणार तेच घालून, सॅकसकट, घरात रिकामी गन काढायचा सराव करा. आधी तीनदा तपासा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मी रोज रात्री दहा वेळा करायचे, मुलगा म्हणायचा आईचा गरबा सुरू झाला.

८. सराव

अँकरेजमध्ये रॅबिट क्रीक शूटिंग पार्क आहे, फिश अँड गेम डिपार्टमेंटचं, नवशिक्यांना तिथले लोक नीट समजावून सांगतात. आधी एक बेसिक क्लास करा, मग गन घ्या. उलट करू नका.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका छोट्या युक्तीचा. शिकवणाऱ्याने माझ्या नकळत सिलिंडरमध्ये तीन खरी आणि तीन नकली काडतुसं मिसळून घातली. मी दाबलं, खट् झालं, आवाज नाही, आणि माझी नळी तरीही चार इंच खाली गेली, जणू कोणी दोरीने ओढली. धक्क्याच्या भीतीने मी गोळी सुटण्याआधीच हात झटकत होते. ते बघितल्याशिवाय विश्वास बसत नाही. दोन महिने हेच केलं, मग नळी हलायची थांबली.

लक्ष्य म्हणून साधी जेवणाची कागदी प्लेट, सात मीटरवर. होल्स्टरमधून काढून तीन सेकंदांच्या आत दोन गोळ्या प्लेटवर लागल्या पाहिजेत. लागत नसतील तर तुमच्याकडे गन नाही असंच समजून जंगलात वागा.

९. कुठे नेता येते, कुठे नाही

अलास्कात २१ वर्षांवरच्या माणसाला, ज्याला कायद्याने गन बाळगता येते, लपवून न्यायला परमिट लागत नाही, २००३ पासून. पण पोलिसाशी गाठ पडली की लपवलेली गन आहे हे आपण होऊन लगेच सांगायचं, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, शांतपणे. दुसऱ्याच्या घरात लपवून नेताना घरच्यांची परवानगी लागते, ट्रेलवरून थेट कोणाकडे गणपतीच्या आरतीला जाणार असाल तर लक्षात ठेवा. शाळा, कोर्ट, बार, पाळणाघर ही ठिकाणं टाळा.

नॅशनल पार्कमध्ये फेब्रुवारी २०१० पासून राज्याच्या कायद्याप्रमाणे नेता येते, पण व्हिजिटर सेंटर ही फेडरल इमारत, तिथे नाही. दारावर पाटी असते.

कॅनडा. खालच्या राज्यांतून गाडीने अलास्का हायवेवरून येणारे इथे अडकतात. कॅनडात हँडगनचे नियम फार कडक आहेत आणि ऑक्टोबर २०२२ पासून अजूनच आवळलेत, "अस्वलांसाठी आहे" हे कारण बॉर्डरवर चालत नाही. सोबत घेऊच नका. विमानाने आणता येते, रिकामी, कुलूप लावलेल्या टणक पेटीत, चेक-इन काउंटरवर सांगून.

१०. प्रत्यक्षात मारावं लागलं तर

अलास्कात जीव वाचवायला अस्वल मारणं कायद्यात बसतं, पण तुम्ही त्याला डिवचलेलं नको, कचरा किंवा खाणं उघड्यावर टाकून बोलावलेलं नको, आणि दुसरा मार्ग उरलेला नको. कोंबड्या, पक्ष्यांचे दाणे, बार्बेक्यूची चरबी, हे सगळं त्यात मोजतात. मारल्यावर लगेच कळवायचं, कातडं नखांसकट आणि कवटी सोलून सरकारजमा करायची, हो, तुम्हीच, आणि १५ दिवसांत लेखी रिपोर्ट. नख आठवण म्हणून ठेवता येत नाही. हे वाचून बऱ्याच जणांचा उत्साह मावळतो, मावळू दे.

आणि मूसला, म्हणजे इथल्या अवाढव्य हरणाला, हलकं घेऊ नका, अलास्कात अस्वलांपेक्षा जास्त लोकांना मूस जखमी करतात. पिल्लाबरोबरची मादी दिसली की झाडामागे पळा. मूसपासून पळायचं असतं, अस्वलापासून पळायचं नसतं, हे उलट करू नका. आंधळ्या वळणांवर आवाज करत चाला. इथले लोक "हे बेअर" ओरडतात, आम्ही "गणपती बाप्पा" ओरडतो, मागून पोरं "मोरया" म्हणतात, असं ओरडत चालताना आजवर एकही अस्वल समोर आलेलं नाही. घुंगरू लावून मात्र काही होत नाही, आवाज फारच बारीक.

११. भारतात जायच्या आधी बॅग उलटी करा

ही पायरी कोणी सांगत नाही. रेंजवर नेलेली सॅक तुम्ही नंतर प्रवासाला वापरता. बाजूच्या खिशात एक काडतूस राहिलेलं असतं. भारतात शस्त्र कायदा १९५९ खाली एक जिवंत काडतूस सापडलं तरी एअरपोर्टवर अडकवतात, मग पोलीस, वकील, चुकलेली फ्लाईट, आणि लग्नाला आलेला माणूस कोर्टाच्या तारखा मोजत बसतो. रेंजची बॅग वेगळी ठेवा, रंगही वेगळा. आमच्याकडे ती भडक केशरी आहे. तरी मागच्या डिसेंबरला निघताना नवऱ्याच्या जॅकेटच्या आतल्या खिशात एक .३५७ सापडलंच, धुऊन लखलखीत झालेलं, म्हणजे वॉशिंग मशीनमधूनही फिरून आलेलं.